सेल्फ मारला की नुसता ‘टक्क’: इनटेक मॅनिफोल्डखाली लपलेला स्टार्टर कसा ओळखायचा आणि कसा काढायचा

सकाळी गाडी एका चावीत सुरू होते, तासभर चालवून बंद केली आणि दहा-पंधरा मिनिटांनी परत सेल्फ मारला की एकदाच टक्क असा आवाज येतो आणि पुढं काहीच नाही, मग चावी चार-पाच वेळा मागंपुढं केली की अचानक इंजिन घुमतं आणि पुढचे दोन आठवडे काही तक्रारच नाही. मग परत तेच. जुनी फोर व्हील ड्राइव्ह घेतलेल्या बऱ्याच लोकांना हा त्रास होतो, आणि बहुतेकांची आधी बॅटरी बदलून झालेली असते, मग रिले, मग चावीचा स्विच, आणि तरी टक्क चालूच असतं. कारण सोपं आहे, खराब झालेला पार्ट, म्हणजे स्टार्टर (सेल्फ मारल्यावर इंजिन घुमवणारी मोटर), अशा ठिकाणी बसलाय की तिथं हात घालायची कुणाचीच इच्छा नसते, त्यामुळं जे हाताला लागतं ते बदललं जातं.

मी इथं लिहितोय ते टोयोटाच्या ४.७ लिटर व्ही-८ पेट्रोल इंजिनबद्दल, म्हणजे टू-यूझेड-एफई. लँड क्रूझर १०० मध्ये हेच आहे, लेक्सस एलएक्स ४७० आणि जीएक्स ४७० मध्ये हेच, टंड्रा आणि सिक्वोयामध्येपण हेच. या इंजिनचा स्टार्टर गिअरबॉक्सच्या बाजूला खाली लटकत नाही, तो सिलिंडरच्या दोन रांगांच्या (बँकांच्या) मधल्या खोबणीत, बरोब्बर इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळ्यांच्या संचाच्या) खाली बसतो. गाडीखाली झोपून शोधाल तर दिसणारसुद्धा नाही. लोक याला डिझाइनची चूक म्हणतात, मला तसं वाटत नाही, कारण तो उंचावर आहे, चिखल-पाणी आणि एक्झॉस्टपासून लांब आहे, आणि म्हणूनच इतकी वर्षं टिकतो. फक्त कधीतरी त्याचं आयुष्य संपतं आणि तेव्हा वरचं सगळं उचलावं लागतं. तुमच्या गाडीचं इंजिन दुसरं असेल पण स्टार्टर असाच अवघड जागी असेल, तरी खालचं बरंचसं जसंच्या तसं लागू पडेल.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. मॅनिफोल्डचा एकही बोल्ट ढिला करायच्या आधी खात्री करून घ्या की दोष खरंच स्टार्टरमध्येच आहे. वरूनच, बॉनेट उघडून, मल्टिमीटर आणि कान वापरून ही खात्री नव्वद टक्के करता येते.

पहिलं म्हणजे आवाज. टकटकटकटक असा भराभर आवाज येत असेल तर ती जवळजवळ नेहमी बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल ढिलं असतं, स्टार्टर काढू नका. एकच दणकट टक्क आणि शांतता असेल तर आपल्या कामाचं आहे. आणि आवाजच येत नसेल तर रिले, न्यूट्रलचा स्विच, चावीचा स्विच, इमोबिलायझर (चोरीविरोधी लॉक) यांच्याकडं जा. ऑटोमॅटिक असेल तर गिअर पार्कमधून न्यूट्रलला घेऊन सेल्फ मारून बघा, तिथं सुरू झाली तर न्यूट्रलच्या स्विचचा प्रश्न आहे, इंजिन उघडायची गरजच नाही.

दुसरं हेडलाइट. अंधारात गाडी भिंतीकडं तोंड करून उभी करा, हेडलाइट लावा आणि दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा (काही गाड्यांत सेल्फ मारताना हेडलाइट आपोआप बंद होतात, मग आतला दिवा बघा). टक्क झाल्यावर लाइट एकदम मलूल झाले तर याचा अर्थ करंट ओढला जातोय पण मिळत नाहीये किंवा मोटर अडकलीये, म्हणजे बॅटरी, अर्थिंग किंवा जाम झालेली मोटर. पण टक्क झालं आणि लाइट जसेच्या तसे लख्ख राहिले, तर सोलेनॉइड (स्टार्टरवरचा विजेच्या चुंबकाचा स्विच) आत खेचला गेलाय पण मोटरपर्यंत करंट पोचतच नाहीये. हे लक्षण सोलेनॉइडमधले तांब्याचे कॉन्टॅक्ट झिजल्याचं आहे.

आता मीटर. बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन घुमत असताना हा आकडा खाली येतो, येऊ दे, पण ९.६ च्या खाली जायला नको, गेला तर आधी बॅटरी बघा. टक्क होतं त्या क्षणाला मात्र मीटर १२ च्या वरच राहिला, तर वरची हेडलाइटवाली गोष्ट आकड्यात सिद्ध झाली. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नाही, खुंटीवरच) आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर लावून गाडी सुरू होत असताना व्होल्टेज बघा, ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी काढून घासून साफ करा, हे फुकटचं काम आहे आणि कितीतरी गाड्या एवढ्यावरच बऱ्या होतात. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर मिळाला तर फारच उत्तम, बॅटरीच्या जाड केबलला लावा, एवढं मोठं इंजिन घुमवताना दीडशे-दोनशे अँपिअर सहज जातात, आणि नुसता टक्क होत असेल तर फक्त सोलेनॉइडचा करंट दिसतो, तो त्या मानानं फारच कमी असतो.

एक बारकावा आहे. स्टार्टरला दोन वायरी येतात, एक जाड केबल थेट बॅटरीकडून आणि एक बारीक सिग्नलची वायर रिलेकडून. जाड केबलचं स्टार्टरकडचं टोक गंजलेलं असेल तरी सिग्नल पोचतो, टक्क होतं, लाइट लख्ख राहतात आणि मोटर फिरत नाही, म्हणजे लक्षणं अगदी कॉन्टॅक्ट झिजल्यासारखीच. वरून हे दोन वेगळे करता येत नाहीत. पण दोन्ही दोष एकाच खड्ड्यात आहेत, त्यामुळं मॅनिफोल्ड उचलायचा निर्णय बदलत नाही, फक्त उचलल्यावर केबलचं टोक बघायला विसरू नका.

रिले बॉक्समध्ये स्टार्टरचा रिले काढून पिन ३० आणि ८७ जाड वायरीनं जोडून बघता येतं, याच्यानं चावीचा स्विच, न्यूट्रल स्विच सगळं वगळलं जातं. करताना गाडी पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अटकण लावलेलं, हे पाळाच, कारण असं जोडल्यावर इंजिन गिअरमध्ये असलं तरी फिरणार. असं करूनसुद्धा नुसतं टक्कच होत असेल तर शंकेला जागा उरत नाही.

गरम असतानाच का होतं, हा प्रश्न सगळे विचारतात. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, साधारण दर डिग्रीला ०.४ टक्के. इंजिन बंद केल्यावर पंखा थांबतो, कुलंट फिरायचा थांबतो, आणि दोन्ही बाजूंच्या हेडची उष्णता त्या खोबणीत कोंडते, म्हणजे बंद केल्यावर थोड्या वेळानं तिथलं तापमान चालू असतानापेक्षा जास्त असतं. साठ डिग्री वाढली धरा, सोलेनॉइडच्या कॉइलचा रेझिस्टन्स जवळजवळ पावपट वाढला, त्यामुळं तिची ओढ कमी. कॉन्टॅक्ट नवे असतात तेव्हा ही कमी ओढ पुरते, झिजले की पुरत नाही. म्हणून जुनी गाडी घेताना थंड इंजिनवर सेल्फ मारून खूश होऊ नका, अर्धा तास फिरवून, बंद करून, पंधरा मिनिटं थांबून मग चार-पाच वेळा मारून बघा.

आता काम. हे घाईचं काम नाही, पहिल्यांदा करणाऱ्यानं अख्खा दिवस मोकळा ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी गाडी लागणार नाही अशी सोय करावी. गाडी उंच आहे त्यामुळं स्टूल लागेल, आणि इंजिनवर ओणवं होऊन तासन्‌तास काम करायचं असल्यानं पुढच्या दोन्ही मडगार्डवर जाड चादर टाका. १० आणि १२ च्या गोट्या (सॉकेट), १४ ची गोटी, लांब आणि मध्यम एक्स्टेंशन, एक युनिव्हर्सल जॉइंट, रॅचेट असलेला रिंग पाना, चुंबकाची दांडी, छोटा आरसा, आणि डोक्याला लावायचा दिवा. मॅनिफोल्डची दोन्ही गास्केट, थ्रॉटल बॉडीचं गास्केट आणि पेट्रोलच्या बँजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) वॉशर आधीच आणून ठेवा. स्टार्टर अख्खा नवा घ्यायचा की फक्त कॉन्टॅक्ट आणि प्लंजर (सोलेनॉइडमधला सरकणारा दांडा) बदलायचे, यावर पुढं येतो.

इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय सुरू करू नका. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून आतला दाब सोडा, गाडी सुरू होत असेल तर फ्युएल पंपाचा फ्यूज काढून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा म्हणजे लाइनमधलं प्रेशर जातं, आणि मग बॅटरीचं निगेटिव्ह काढा. सुरूच होत नसेल तर निगेटिव्ह काढून, लाइनच्या जोडावर फडकं गुंडाळून बोल्ट अगदी हळू ढिला करा, थोडं पेट्रोल येणारच. जवळ अग्निशामक ठेवा, दिव्याचा बल्ब उघडा नको, दारं उघडी ठेवा. या एका पायरीला कुणी हलक्यात घेतलेलं मला खरंच आवडत नाही.

मग फोटो. प्रत्येक व्हॅक्युमची नळी, प्रत्येक कनेक्टर, प्रत्येक ब्रॅकेट काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा आणि नळीला कागदी टेप लावून नंबर टाका, दोन्ही टोकांना तोच नंबर. वरचं कव्हर, हवेची मोठी नळी, थ्रॉटलची केबल असेल तर ती, थ्रॉटल बॉडीला येणाऱ्या कुलंटच्या दोन बारीक नळ्या (काढल्या की लगेच बूच मारा, मग फार कुलंट जात नाही), आठ इंजेक्टरांचे कनेक्टर, आणि त्यावरून जाणारा वायरिंगचा गुच्छा. कनेक्टरचं प्लॅस्टिक इतक्या वर्षांत बिस्किटासारखं ठिसूळ झालेलं असतं, स्क्रूड्रायव्हरनं उचकटू नका, लॉक अंगठ्यानं दाबून कनेक्टर आधी आत ढकला आणि मग बाहेर ओढा. खरी परीक्षा मागं आहे, फायरवॉलकडं (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडं), जिथं वायरिंगचे ब्रॅकेट आणि नळ्या मॅनिफोल्डच्या मागच्या बाजूला बांधलेल्या असतात आणि तिथं डोळ्यानं काही दिसत नाही, आरसा आणि बोटांच्या अंदाजानं काढावं लागतं. सगळा वेळ इथंच जातो. कंटाळा आला तर थांबा, चहा घ्या, पण जोर लावू नका.

मॅनिफोल्डचे नट-बोल्ट एकदम पूर्ण काढायचे नाहीत, सगळे थोडे थोडे ढिले करायचे. उचलायच्या आधी कडेनं साचलेली माती-वाळू ब्रशनं आणि हवेनं साफ करा. इंजेक्टर आणि फ्युएल रेल मॅनिफोल्डवरच राहू द्या, तसंच एकत्र उचला, पण दोघं जण लागतात, एक उचलायला आणि एक मागं काही अडकलंय का बघायला. जागेवरून हलत नसेल तर कुठंतरी एक बोल्ट किंवा नळी राहिलीये, पहारीनं उचकटायचा विचार मनात आणू नका.

मॅनिफोल्ड बाजूला ठेवला रे ठेवला की पहिलं काम म्हणजे हेडवरच्या आठही भोकांत स्वच्छ फडकी कोंबणं. आठ फडकी, मोजून, सगळी भडक रंगाची किंवा सगळी लाल, म्हणजे नंतर एखादं आत राहिलं तर दिसेल. त्या भोकात एक वॉशर पडला तर तो व्हॉल्व्हमधून थेट पिस्टनवर जातो आणि मग आजचं काम फार लहान वाटायला लागतं.

खोबणीत काय सापडेल सांगता येत नाही. उंदीर-घुशींना ही जागा फार आवडते, ऊबदार आणि बंदिस्त, त्यामुळं चिंध्या, गवत, बियांची टरफलं यांचं घरटं निघणं अगदी नेहमीचं आहे. व्हॅक्युम क्लीनरनं सगळं काढा आणि मगच स्टार्टरला हात लावा. याच खोबणीत दोन नॉक सेन्सर (इंजिनमधला ठोका ओळखणारे) आहेत आणि त्यांच्या वायरी उंदीर कुरतडतात, गाडीत पी०३२५ किंवा पी०३३० हा बिघाडाचा कोड येत असेल तर कारण इथंच सापडायची शक्यता मोठी. आणि गुलाबी किंवा पांढरा सुकलेला पापुद्रा दिसला तर कुलंट गळतंय, वाट शोधून काढा, तसंच बंद करू नका.

स्टार्टरचे दोन मोठे बोल्ट १४ च्या गोटीनं, मध्यम एक्स्टेंशन लावून समोरून निघतात. रबरी टोपीखालचा जाड केबलचा नट काढा, सिग्नलचा कनेक्टर लॉक दाबून काढा, आणि स्टार्टर पुढं सरकवून वर उचला. वाटतो त्यापेक्षा जड असतो, दोन्ही हातांनी धरा. केबलचं टोक हिरवं-पांढरं झालं असेल तर तारेच्या ब्रशनं तांबं चमकेपर्यंत घासा, आणि वायर आतून काळी पडली असेल तर केबलच बदला.

आता टेबलावर. सोलेनॉइडच्या मागच्या गोल झाकणाचे तीन छोटे बोल्ट काढले की आत स्प्रिंगवर बसलेला प्लंजर दिसतो, त्याच्या टोकाला तांब्याची चकती, आणि समोर तांब्याचे दोन कॉन्टॅक्ट. सेल्फ मारल्यावर ही चकती दोन्ही कॉन्टॅक्टवर आदळते आणि बॅटरीचा सगळा करंट तिच्यातून मोटरला जातो, दर वेळी ठिणगी पडते, दर वेळी कणभर तांबं जळतं. झिजलेला कॉन्टॅक्ट एकदा बघितला की विसरत नाही, नवा सपाट असतो आणि जुन्याच्या कडेला नखानं खणल्यासारखी अर्धगोल पायरी पडलेली असते, कड निळी-काळी, आणि आत सगळीकडं काळी भुकटी. बॅटरीच्या बाजूचा कॉन्टॅक्ट सहसा दुसऱ्यापेक्षा जास्त खाल्लेला असतो. चकती जिथं टेकायला हवी तिथं आता तांबंच उरलेलं नसतं, ती दुसऱ्या बाजूला टेकते आणि इकडं केसभर फट राहते. प्लंजर थोडा फिरला की कधी टेकते कधी नाही, म्हणून चार वेळा टक्क आणि पाचव्या वेळी सुरू.

माझं मत स्पष्ट आहे, दोन्ही कॉन्टॅक्ट आणि प्लंजर एकत्रच बदला. नुसते कॉन्टॅक्ट बदलून जुनी खड्डे पडलेली चकती ठेवली तर नवे पण लवकर खराब होतात, आणि त्यासाठी परत हा मॅनिफोल्ड उचलायचा? बसवताना नट हलकेच आवळून प्लंजर हातानं दाबा, चकती दोन्हीकडं एकदमच टेकली पाहिजे, एक बाजू आधी टेकत असेल तर कॉन्टॅक्ट सरकवून समपातळीत आणा, मग पूर्ण आवळा. मीटर कंटिन्युइटीवर ठेवून प्लंजर दाबला की दोन टर्मिनलमध्ये बीप यायलाच हवा, वेगवेगळ्या कोनात फिरवून दाबून बघा.

कार्बन ब्रश, बेअरिंग आणि पुढचा पिनियन (इंजिनला घुमवणारं छोटं गिअर) बघितल्याशिवाय मात्र नुसत्या कॉन्टॅक्टवर समाधान मानू नका. पिनियन एका दिशेनं मोकळा फिरला पाहिजे आणि दुसऱ्या दिशेनं धरला पाहिजे. ब्रश मॅन्युअलमधल्या किमान लांबीजवळ आले असतील किंवा बेअरिंग खरखरत असेल तर अख्खा स्टार्टर बदला, आणि बदलायचाच असेल तर ओरिजिनल किंवा खात्रीच्या ठिकाणी रिबिल्ड केलेला घ्या. हाताशी येणाऱ्या जागी स्वस्तातला लावून बघता येतो, इथं नाही.

बसवायच्या आधी बाहेरच चालवून बघणं सक्तीचं समजा. स्टार्टर व्हाइसमध्ये घट्ट पकडा, जंपर केबलनं बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला, पॉझिटिव्ह जाड टर्मिनलला, आणि तिथूनच एक वायर सिग्नलच्या पिनला टेकवा. पिनियन झटक्यात बाहेर येऊन फिरला पाहिजे आणि वायर काढली की लगेच आत गेला पाहिजे. तीन ते पाच सेकंदांच्या वर चालवू नका, कॉइल जळू शकते. हातात धरून हे करू नका, झटका जोरात बसतो.

वरचं सगळं निघालेलंच आहे तर त्या जागेतली रबरं आणि प्लॅस्टिक आत्ताच बदला. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आतल्या वाफा इनटेककडं सोडणारा), कडक झालेल्या व्हॅक्युमच्या नळ्या, कुरतडलेली वायर, आणि मागचा हीटर असलेल्या गाड्यांत फायरवॉलजवळ हीटरच्या नळ्यांना जोडणारे प्लॅस्टिकचे टी (टी आकाराचे जोड). हे टी जुने झाले की बोटानं दाबताच तुटतात, आणि रस्त्यात तुटले तर सगळं कुलंट जाऊन इंजिन तापतं. या अख्ख्या कामात स्टार्टरच्या खालोखाल मी महत्त्व देईन ते या दोन छोट्या तुकड्यांना.

परत बसवताना उलट क्रम. आठ फडकी काढा, मोजा, दिवा मारून प्रत्येक भोक बघा, मग पृष्ठभाग पुसून कोरडे करा आणि नवं गास्केट ठेवा. हेड ॲल्युमिनियमचे आहेत, आटे मऊ असतात, त्यामुळं सगळे बोल्ट आधी बोटानं आत घ्या, मग टॉर्क पान्यानं मधून बाहेर अशा क्रमानं दोन-तीन टप्प्यांत आवळा, आकडा तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलमधून. बँजोचे जुने वॉशर परत वापरू नका.

पहिल्यांदा सेल्फ मारताना दुसऱ्या माणसाला पेट्रोलच्या जोडांवर दिवा धरून उभं करा. काही गाड्यांत चावी ऑन केली की पंप चालतो, काहींत सेल्फ मारल्यावरच, म्हणून गळती दिसायला थोडं घुमवावं लागू शकतं. थेंबभर जरी दिसला तरी बंद करून परत आवळा. आयडल (उभ्या गाडीत इंजिनचा वेग) वर-खाली होत असेल तर कुठंतरी नळी निसटलीये, फोटो काढून ठेवलेत ते आता कामाला येतील. बॅटरी काढलेली असल्यानं सुरुवातीची काही मिनिटं आयडल थोडा वेगळा वाटू शकतो, तो आपला आपण बसतो. हीटर गरमवर ठेवून कुलंटमधली हवा काढा आणि इंजिन थंड झाल्यावर, पुढचे काही दिवस रोज, पातळी बघा.

आणि एक गोष्ट सगळं उघडं आहे तेव्हाच करून ठेवा. सिग्नलच्या वायरीला टर्मिनलजवळ एक बारीक वायर जोडा, जवळच छोटा इनलाइन फ्यूज टाका, उष्णता सहन करणाऱ्या स्लीव्हमधून ती बॅटरीपाशी आणा आणि टोक नीट झाकून बांधून ठेवा. पुढं कधी टक्क झालं तर तिथं मीटर लावून सेल्फ मारायचा. सिग्नल नीट येत असेल आणि मोटर फिरत नसेल तर दोष खाली आहे, आणि सिग्नलच बॅटरीपेक्षा तीन-चार व्होल्टनं कमी येत असेल तर चावीचा स्विच आणि रिलेच्या वाटेत कुठंतरी व्होल्टेज मरतंय, ते वरच्या वर दुरुस्त होतं, मॅनिफोल्डला हात लावायचा नाही.